ऑलिव्हर केरबा हनमंते

३ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड.
मनीषा भाऊबीजेला लातूरला माहेरी गेली. आता बाळंत होऊनच येईल. डॉक्टरांनी डिसेंबरअखेर सांगितलं आहे, म्हणजे माझ्या हातात भरपूर वेळ आहे. या वेळी नाव आधीच तयार असेल. नाव छोटं हवं, भारदस्त हवं, अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाचं नसावं. ऐकणाऱ्याला आडनाव विचारायचं सुचू नये. मुलगा की मुलगी ते माहीत नाही, म्हणून दोन्ही तयार ठेवायची. आजपासून दुकानातून आल्यावर मोबाइल बंद आणि फक्त हेच काम.

४ नोव्हेंबर.
मोबाइल सुरू ठेवावा लागला. नावं मोबाइलमध्येच आहेत.

७ नोव्हेंबर.
या कामाला माझ्याइतका लायक माणूस नांदेडात नसेल, असं वाटतं. मकसूदभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर मी नावंच टाइप करतो. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजली. बारावी इंग्रजीमुळे राहिली, पण माझ्या हातून अशुद्ध अक्षर मशीनवर गेलेलं नाही. गिऱ्हाइकाने ‘हार्दीक’ लिहून आणलं तर मी ‘हार्दिक’ करतो, मग तो भांडला तरी चालेल. पहिल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सध्या सगळे शिवांश आणि रुद्र आहेत. ती नावं बाद.
आज देगलूर नाक्यावरच्या एका इंग्लिश स्कूलचं होर्डिंग केलं. ब्लेझर आणि टाय घातलेली तीन मुलं. फोटो मीच नेटवरून घेतला. त्यांची नावं काय असतील याचा विचार करताना जेवणाची सुट्टी संपली. डबा तसाच परत नेला. आईने विचारलं, भाजी खारट झालती का.

९ नोव्हेंबर.
नाव सापडलं. ऑलिव्हर. मुलगी झाली तर आयव्ही.
दुकानात सोनेरी अक्षरांत मोठं करून पाहिलं. बघतच राहिलो. मकसूदभाई मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कौन है रे ये, नवा नगरसेवक का? सांगितल्यावर त्यांनी पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, मियाँ, पहले बच्चा तो आने दे. त्यांना बोलायला काय जातं. त्यांच्या मुलांची नावं जीशान आणि अरीब आहेत.

१४ नोव्हेंबर.
एक अडचण आली आहे. किरकोळ आहे. मुलाच्या नावानंतर बापाचं नाव येतं, हे लक्षातच नव्हतं. आज पूर्ण टाइप करून पाहिलं. ऑलिव्हर केरबा हनमंते. पुन्हा पाहिलं. फॉन्ट बदलून पाहिला.
उपाय सोपा आहे. मुलाचं नाव बदलायचं नाही, माझं बदलायचं. गॅझेटमध्ये देता येतं. सेतू केंद्रात जाऊन चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, नाव बदलण्याचं कारण लिहावं लागतं. उद्या लिहू म्हणून आलो. ‘केविन’चा विचार चालू आहे. सहीतला ‘के’ बदलावा लागणार नाही.

१५ नोव्हेंबर.
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, बदल की, नाव तुझं हाय.
मग बोलायला लागली. मी ऐकलेलंच सगळं. पंचशीलाताईच्या पाठीवर झालेले दोघं गेले. मी झालो तेव्हा मला केरात ठेवलं. शेजारच्या चतुराबाईने उचललं आणि पसाभर कोंडा घेऊन मला परत आईला विकलं. असलं पोर कुणालाच नको, मरणालासुद्धा नको, म्हणून केरबा.
मी शांतपणे समजावलं, ही अंधश्रद्धा आहे. आपण बौद्ध आहोत. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत.
आई म्हणाली, हाव, मलाबी पाठ हायत. पर दोन गेलते माझे.
वाद वाढवला नाही. सेतू केंद्र दुपारी बंद असतं बहुतेक. गेलो नाही.

२० नोव्हेंबर.
मनीषाचा फोन. कंबर दुखते म्हणाली. मी नावाचा विषय काढला. तिने, लाइट गेलीय, असं सांगून फोन ठेवला. मोबाइलला लाइट कशाला लागते ते कळलं नाही. तिचा उत्साह कमी वाटतो. शेवटच्या महिन्यांत असं होतं, असं वाचलं आहे.
मागच्या वर्षीच्या बाळाबद्दल इथे एकदाच लिहून ठेवतो. तो दोन दिवस राहिला. त्याला नाव नव्हतं, कारण मी चांगलं शोधत होतो. हा विषय संपला. पुन्हा लिहायचा नाही.

२२ नोव्हेंबर.
मशीनवर चांगला तुकडा शिल्लक होता. ‘वेलकम होम ऑलिव्हर’ छापून घेतलं. सोनेरी अक्षरं, कडेला फुगे. मुलगी झाली तर आयव्हीचं नंतर करता येईल. आधी तयारी ठेवणं यालाच नियोजन म्हणतात.
आई म्हणाली, जन्माच्या आधी बाळाला कुणी चिंधीबी शिवत न्हाई, अन् तू फलक लावून राहिलास. गुंडाळी कपाटामागे ठेवायला लावली. ताईचा देगलूरहून फोन आला. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा, म्हणून तिला ऑलिव्हर सांगून ठेवलं. ताई म्हणाली, बरं हाय, पर गल्लीत खेळणाऱ्या पोराला जेवाया कसं बोलवायचं? दारात उभी राहून हाक मारून बघ एकदा.
हाक मारून पाहिली नाही. ब्लेझर घालणारी मुलं गल्लीत खेळत नसतात.

२८ नोव्हेंबर. लातूर.
मुलगा झाला. तारखेच्या बरंच आधी. वजन कमी आहे, म्हणून काचेत ठेवला आहे.
सकाळीच सासऱ्यांचा, व्यंकटमामांचा फोन आला. मिळेल त्या बसने निघालो. घाबरलो नव्हतो. उलट सगळं नीट आठवणीने घेतलं, कपाटामागची गुंडाळीसुद्धा. अहमदपूरला बस थांबली. चहा घेतला. निघताना तो तसाच भरलेला होता.
मामा काचेच्या खोलीबाहेर उभे होते. म्हणाले, बसा जावई, उभारून काय हुतंय. मग माझ्या हातातली गुंडाळी घेतली. म्हणाले, हे लई बरं केलं, फरशी गार हाय. अक्षरं खाली करून व्हरांड्यात अंथरली. आम्ही दोघं बसलो. चांगल्या जाडीचा माल आहे. गारवा अजिबात वर येत नाही.

२९ नोव्हेंबर.
काचेतून पाहिला. खूप लहान आहे. पायाला पट्टी आहे, त्यावर ‘बेबी ऑफ मनीषा’. आत कुणालाच नाव नाही. सगळे बेबी ऑफ. पट्टीवरचं स्पेलिंग तपासलं. बरोबर आहे. मागच्या वर्षीही बरोबर होतं.
मनीषाला वॉर्डात भेटलो. नाव पक्कं झाल्याचं सांगायला गेलो होतो. ती म्हणाली, नावाचं काई काढू नका. मागच्या टायमालाबी तुम्ही नावच शोधून राहिलते.
तिला थकवा आहे. बोलणं टाळलं. नारळपाणी आणून ठेवलं.

३० नोव्हेंबर.
आई आणि ताई आल्या. ताई फ्लेक्सवर बसताबसता म्हणाली, सांग रे तुझं ते इंग्लिश नाव परत, म्हंजी तोंडात बसवते. मी म्हणालो, अजून पक्कं नाही. ताई म्हणाली, महिनाभर डोकं खाल्लंस अन् आता पक्कं न्हाई? ज्याच्यावर बसले ते काय हाय मग?
तिने कोपरा उलटून वाचलं होतं. मी तिला सांगितलं, मोठी नावं घाईत ठेवायची नसतात. हे माझं मत आधीपासूनच आहे.
आई काचेपाशी खूप वेळ उभी होती. परत आली आणि हळूच म्हणाली, केरबा, तिथून उचलता यायचं न्हाई लेकराला, निदान नाव तरी तसलं ठेव. दगडू म्हण. मग मी पूर्ण व्हरांड्याला ऐकू जाईल असं अंधश्रद्धेवर बोललो. विज्ञान, ऑक्सिजन, इंजेक्शन, सगळे मुद्दे आले. बोलणं चांगलं झालं असावं, कारण कुणीच उलट बोललं नाही. शेवटी मामा म्हणाले, झालं का जावई? बसा आता. पाणी प्या.

१ डिसेंबर.
डॉक्टर म्हणाले, श्वासाचा त्रास आहे, बघू. ‘बघू’चा नेमका अर्थ विचारायचा होता. पुढच्याचा नंबर आला.

२ डिसेंबर.
विशेष काही नाही. मामांनी पोहे आणले.

३ डिसेंबर.
मकसूदभाईंचा फोन. म्हणाले, दुकान की फिकर मत कर, इधर जीशान बैठा है. जीशानने कुणाच्या तरी वाढदिवसाला ‘हार्दीक’ छापलं म्हणे. मला काहीच वाटलं नाही.

४ डिसेंबर.
आज बापाला आत सोडतो म्हणाले. गाऊन, टोपी, मास्क. हात दोनदा धुतले. दोन मिनिटं आहेत, हात लावू नका, पण बोला, आवाज कळतो त्याला, असं सिस्टरने सांगितलं.
मी ठरवून गेलो होतो. जवळ जाऊन, स्वच्छ उच्चारात, ऑलिव्हर म्हणायचं. नावाशी ओळख पहिल्यापासून झाली पाहिजे. जवळ गेलो. छाती वरखाली होत होती. मध्येच थांबायची. पुन्हा व्हायची.
मी म्हणालो, दगडू.
पुन्हा म्हणालो. मग किती वेळा ते आठवत नाही. दगड्या, ए दगड्या, तुझ्यात काही नाही बाबा, तू नुसता दगड आहेस, तुला कोण नेणार आहे, पडून राहा. असं बरंच. सिस्टरने दंडाला धरून बाहेर आणलं.
हे तात्पुरतं आहे. आम्हीसुद्धा फाइल घाईत ‘अनटायटल्ड’ म्हणून सेव्ह करतो आणि नाव नंतर देतो. आईला सांगायची गरज नाही.

६ डिसेंबर.
सकाळी मामांबरोबर पुतळ्याला अभिवादन करून आलो. गर्दी होती. मनात काहीतरी म्हणायचं होतं, पण प्रतिज्ञांच्या जागी दुसरंच आठवत राहिलं. त्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली.
दवाखान्यात परत आलो तर सिस्टरने दार उघडून विचारलं, दगडूचे पप्पा कोण? मी उठलो. व्हरांड्यातले सगळे बघत होते. दूध पचतंय, आता ऑक्सिजन कमी करतोय, एवढंच सांगायचं होतं तिला.
मी विचारलं, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्याकडून परवा ऐकलं का? ती म्हणाली, परवा कशाला, तुमच्या मिसेस दूध द्यायला येतात ना, त्या पहिल्या दिवसापासून हेच म्हणून राहिल्यात. आम्हाला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठेवलंय.
मनीषाला विचारलं नाही. ती जेवत होती. मी तिच्या ताटातलं लोणचं थोडं घेतलं. तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

१९ डिसेंबर.
काचेतून बाहेर काढला. मनीषाच्या कुशीत आहे. जोरात रडतो. मामा म्हणाले, आवाज बघा जावई, कंडक्टर होतंय पोरगं.
आता शांतपणे ऑलिव्हरचं बघायला हरकत नाही. उद्या मनीषाशी बोलायचं.

२० डिसेंबर.
ती झोपली होती.

२३ डिसेंबर.
आज बोललो. सगळं सांगितलं. ब्लेझर, होर्डिंग, आडनाव न विचारणारी माणसं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, छान हाय नाव. ठेवायचं तर ठेवा. मग बाळाकडे बघून म्हणाली, पर हाक तुम्ही मारून दाखवा.
मी हाक मारली. ऑलिव्हर. तो झोपेतच होता. तो हलला नाही. मनीषाने लगेच त्याच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं. त्याआधी मीही धरलं होतं. आमची बोटं एकमेकांना लागली.
श्वास चालू होता. विषय तिथेच थांबवला.

२ जानेवारी. नांदेड.
एकटा परत आलो; आई आधीच आली होती. मनीषा आणि बाळ अजून लातूरला. नामकरण रविवारी तिकडेच. बौद्धाचार्य येणार, त्रिशरण-पंचशील झालं की ताई कानात नाव सांगणार. ताईचा फोन आला. म्हणाली, मी काई विचारीत न्हाई, तूच सांग. मी म्हणालो, तुला माहीत आहे. ती म्हणाली, हाव. जेवलास का?
आईला काहीच सांगितलं नाही. तिने स्वतःहून सुपात कोंडा काढून फडक्याखाली ठेवला आहे. मला दिसला नाही असं मी दाखवलं.

३ जानेवारी, शनिवार.
मकसूदभाई म्हणाले, भतीजे का फ्लेक्स दुकान की तरफ से, बना ले तेरे हाथ से. जुनी फाइल उघडली. फुगे ठेवले. सोनेरी रंग ठेवला. ऑलिव्हर खोडून नवं टाइप केलं.
दहावीच्या फॉर्मआधी गॅझेट करून बदलता येईल. चौकशी झालेलीच आहे. कारण मात्र लिहावं लागेल आणि ते पोराला माझ्याकडून ऐकावं लागेल.
मकसूदभाईंनी चष्मा पुसून पडद्यावर पाहिलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. फक्त विचारलं, फायनल?
मी एकदा पूर्ण वाचलं. चि. दगडू केरबा हनमंते. पुन्हा वाचलं. कुठेच खटकत नाही.
प्रिंट दिली.