सर्व्हरची खंडेनवमी

सोम., ५ ऑक्टो. ९२
आज घडलं ते, क्रमानं.
१. गिरणीत खंडेनवमीची पूजा. सगळी यंत्रं थांबवलेली, धुतलेली.
२. व्यवस्थापक साहेब म्हणाले, यंदा सर्व्हरचीही पूजा करू. मी म्हटलं, चालेल, पण आधी मी तो नीट बंद करते. टर्मिनलवर लोक काम करताहेत, त्यांना बाहेर काढावं लागेल.
३. साहेब म्हणाले, "ते होईल हो. तुम्ही आधी झेंडू घेऊन या. बायकांना फुलांतलं कळतं."
४. फुलं आणायला गेले.
५. परत आले तर वायरमन गंगाधरमामांनी सर्व्हरचा खटका खाली ओढलेला. हजेरी विभागाचं काम अर्ध्यावर.
६. सर्व्हरवर पहारा ठेवायला शेजारी बसवलेला पीसी ओरडत होता: 'सर्व्हरकडून उत्तर नाही.' त्यालाही कुंकू लावलं होतं.
७. माझ्या हातात ताट दिलं. मी ओवाळलं.

मंगळ., ६
दसरा. जिंतूरला गेले नाही. आई वाट पाहत असेल.
गिरणीत फक्त वॉचमन. सर्व्हर चालू केला. फाइलींची तपासणी दुपारपर्यंत. सुताच्या साठ्याची फाइल तुटलेली, मागच्या आठवड्याच्या टेपवरून उतरवली. काल सकाळच्या पाळीची हजेरी गेली ती गेलीच. पुन्हा हातानं भरायची.
एक गोष्ट मात्र झाली. सर्व्हर उठला की पीसीला उत्तर देणारा पहाऱ्याचा प्रोग्रॅम आपला आपण उठायला हवा, हे दोन महिने जमत नव्हतं. आज उठला. पाच मिनिटांनी पीसीवर ओळ आली: 'चालू आहे.' पुढच्या पाच मिनिटांनी पुन्हा.
सांगायला कुणी नव्हतं.

बुध., ७
हजेरीवाले चिडलेत. मामांवर नाही, माझ्यावर. "तुमचा पहारेकरी लय खातो, म्याडम. त्याच्यापायीच मशीन बसली." पहारा मशीनची किती ताकद खातो ते मोजून दाखवलं. कुणी पाहिलं नाही.
गं.मामा स्वतः आले.
"कार्डिंगची मशीन बंद करतो तसंच केलो बघा. सायेब म्हनले बंद कर, केलो."
"मी येईपर्यंत थांबायचं होतं, मामा."
"मुहूर्त चाललाय म्हनले. आन् पूजेला हत्यार थंडच लागतंय. चालत्या हत्याराला हळद कोन लावतंय?"
गिरणीत तीस वर्षं त्यांनी असंच केलंय आणि एकही यंत्र त्यानं बिघडलेलं नाही.

गुरु., ८
औरंगाबादहून मुख्य कार्यालयाचा फोन. आम्ही पाठवलेल्या पहाऱ्याच्या नोंदीत सोमवारी सर्व्हर बंद दिसतो, कारण लेखी कळवा. पहारा त्यांनीच बसवायला सांगितला. तीन गिरण्यांपैकी पहिला प्रयोग आमच्याकडे.
सा. म्हणाले, "वीज गेली लिहा."
"सर्व्हर आणि पीसी एकाच यूपीएसवर आहेत. वीज गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही."
"यूपीएसही बसली म्हणा."
"मग पीसीही बंद पडला असता. नोंद कुणी केली?"
सा. हसले. "तुम्ही मोजता फार, मॅडम. बाकीच्या दोन गिरण्यांत कुणी मोजत नाही. तिथं सर्व्हर कधी बंदच पडत नाही बघा."
हे मात्र त्यांचं बरोबर आहे. तिन्ही गिरण्यांत आम्हीच वाईट दिसतो.

शुक्र., ९
माझं चाचणीचं वर्ष ३१ला संपतं. कायम करायचं की नाही, ते साहेबांच्या शेऱ्यावर. फाइल टेबलावर उघडीच ठेवली होती.
"शेरा चांगला लिहिलाय. तुमचा विजेचा कागद आला की सही करतो."
मग पदवीचं प्रमाणपत्र चाळत, सहज: "विद्यापीठाचं नाव तुम्ही कसं लिहिता?"
"प्रमाणपत्रावर आहे तसं."
नामांतराच्या वादात मी कुणाकडची, हे त्यांना यातून काढायचं होतं.

रवि., ११
जिंतूर. आईला सगळं सांगितलं नाही, दादाला सांगितलं.
"एवढ्याशा सहीनं काय होतंय? वीज तर रोजच जायलीय."
तो बोलत असतानाच गेली. आई कंदील पुसत होती. तिला वाटतं, मी नोकरीत कायम झाल्यातच जमा.

सोम., १२
सा.चा दुसरा मसुदा. 'वायरमनच्या चुकीमुळे.' खाली माझं नाव टाइप करून तयार.
पहिल्यात खोटं होतं. दुसऱ्यात एक शब्दही खोटा नाही, फक्त कुणी सांगितलं ते नाही. दुसरा जास्त खोटा.
संध्याकाळी मामा पेडगावहून सीताफळं घेऊन आले. मसुद्याचं त्यांना कुठून तरी कळलेलं असावं. नको म्हटलं. "लेकीसाठी आनली होती, ती आली न्हाई सासरहून. खाऊन टाका." काही मागितलं नाही. घेतली. खाल्ली नाहीत अजून.

मंगळ., १३
सकाळी आले तर सर्व्हर आणि पीसी यांच्यामधली वायर काढलेली. गुंडाळून खिळ्याला, सुकलेल्या झेंडूच्या माळेशेजारी टांगली होती. "दिवाळीपर्यंत राहू द्या," सा. म्हणाले.
सर्व्हर व्यवस्थित चालू. पीसी दिवसभर ओरडतोय, उत्तर नाही. त्याचंही चूक नाही. उत्तर नाहीच.
कुणीतरी त्याच्यावर टॉवेल टाकला.

गुरु., १५
पत्र टपालात टाकलं. त्याआधी प्रत सा.च्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली.
"फुलांचं कशाला लिहिलं?"
"कारण तेच आहे."
माझी फाइल बंद करून त्यांनी कपाटात ठेवली. सही केली की नाही, दिसलं नाही.
पत्राचा शेवट इथं उतरवून ठेवते.

'सर्व्हर व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून खटक्याने बंद करण्यात आला. वायरमनला तो बंद करण्याची पद्धत कुणी शिकवलेली नव्हती. पद्धत माहीत असलेली गिरणीतील एकमेव व्यक्ती मी आहे आणि त्या वेळी मला झेंडूची फुले आणण्यासाठी बाजारात पाठवले होते. वीजपुरवठा सुरळीत होता. दि. १३पासून पहाऱ्याची वायर काढलेली आहे. ती मी पुन्हा जोडावी किंवा कसे, हे कृपया बुधवार, दि. २१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे.'