लॉरेन्सला अडवलं होतं

बुशमन नदीकाठ, नाताळ प्रांत
२० मे १८३८

प्रिय अलेटाताई,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं खुशाल आहोत. बारेंडचा खांदा भरत आलाय, पण हात अजून वर जात नाही. म्हणून बैल मीच जुंपते आणि तो गाडीवर बसून मला शिकवतो. काल म्हटलं, "नवरोबा, बसल्या बसल्या मका सोला, तोंडाला जरा विश्रांती द्या." हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

झुलूंनी आमच्यावर हल्ला केला, हे तिकडे कळलंच असेल. आम्ही गाड्या गोल लावून साखळ्यांनी बांधल्या होत्या, म्हणून वाचलो. खालच्या ओढ्यावरच्या लोकांनी बांधल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. बाबांनी परत बोलावलंय. त्यांना सांग, गेसिना येत नाही. इथली माती काळीभोर आहे, गवत घोड्याच्या पोटाला लागतं. मी गहू पेरायला काढलाय.

तू लॉरेन्सची चौकशी केलीस. तुझा लेक इथे सगळ्यांचा लाडका होता. झुलू भाषा तर अशी बोलायचा की त्यांच्या म्हाताऱ्या त्याला थांबवून गप्पा मारायच्या.

'होता' लिहिलं गेलं. खोडत नाही. ताई, खाली बस आणि पुढचं वाच.

माझी चोरीला गेलेली गुरं परत आणून द्या, मग जमीन देतो, असं झुलू राजाने कबूल केलं होतं. आपल्या माणसांनी गुरं आणली आणि करारासाठी राजाच्या गावाला निघाले. लॉरेन्स त्यांचा दुभाष्या. निघायच्या सकाळी सिदुमो धापा टाकत आला. हा नदीपलीकडचा झुलू गुराखी. लॉरेन्स भाषा याच्याकडूनच शिकला, आणि हा आपली लॉरेन्सकडून. दोघं एका ताटात जेवायचे.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "राजाने सगळ्या पलटणी बोलावल्यात. पाहुण्यांसमोर नाचायला एवढी माणसं लागत नाहीत."

लॉरेन्सने पुढाऱ्यांना सांगितलं. ते हसले. "भीती वाटत असेल तर राहा मावशीपाशी."

मीही म्हटलं, "राहा रे. हसू देत त्यांना."

"मावशी, त्यांच्यातल्या कुणालाच भाषा येत नाही. तिथे काही वाईट बोललं गेलं, तर एकाला तरी कळायला हवं ना?"

पोटभर जेवला आणि गेला. त्यांच्यातलं कुणीच परत आलं नाही.

हल्ल्यानंतर सिदुमो पुन्हा आला, भर दुपारी, दोन्ही हात वर करून. त्याचा भाऊ राजाच्या पलटणीत होता. त्याने पाहिलेलं सांगायला हा आला होता. आपल्या लोकांनी बंदुका दाराबाहेर ठेवल्या होत्या. नाच चालू असताना राजा उठला आणि मारण्याचा हुकूम दिला. तो एकट्या लॉरेन्सला कळला. तो ओरडला, "उठा, मारताहेत!" माणसं उठली, चाकू काढून लढली. बसल्या जागी कुणी मेलं नाही, ताई. ते तुझ्या लेकामुळे.

तेवढ्यात शेजारच्या कूर्टने सिदुमोवर बंदूक रोखली. "हेर आहे हा!"

मी मध्ये उभी राहिले. "आधी मला घाल गोळी."

"गेसिना, तुझा भाचा यांनीच मारला!"

"भाचा माझा ना? मग याचं काय करायचं ते मी बघेन. तू बाजूला हो."

बंदूक खाली आली. राजाच्या मुलखात आता सिदुमोला जागा नाही. मी त्याला लॉरेन्सचा दुसरा घोडा दिला. घोड्यावर बसताना त्याने विचारलं, "त्याची आई आहे?"

"आहे."

"तिला सांग, मी अडवलं होतं."

सांगितलं. मीही अडवलं होतं. तो कुणाचं ऐकणारा नव्हता. हा हट्ट त्याने तुझ्याकडूनच उचललेला.

आता आपली माणसं सुडाचं बोलताहेत. मी बंदुकीच्या गोळ्या ओतून देते. त्यांनाही लेकरं राखायची आहेत. पण सिदुमोसारखा कुणी हात वर करून आला, तर मी पुन्हा मध्ये उभी राहीन. कूर्टला तसं बजावलंय.

माझ्यावर राग धरायचा असेल तर तिथे एकटीने धरू नकोस. इकडे ये, समोर बसून धर. मी सोसेन.

तुझ्या लेकाला शेवटचं आपल्या हाताने वाढणारी,
गेसिना