स्मोकोला बाहेर बसणारी मेरिन

८ जुलै, सोमवार

मेंढ्यांची कातरणी सुरू! शेडमध्ये सकाळपासून मशिनांची घरघर. शाळेला हिवाळ्याची सुट्टी, म्हणून मेरिन टेबलावर लोकर पसरून कुसळं काढत होती. सोळाव्या वर्षी पोरीचा हात असा चालतो की डार्सी स्वतः थांबून बघत राहिला. कातरणाऱ्यांची टोळी त्याची. तो कौतुक करतो वर्षातून एकदा!

पण स्मोकोची, म्हणजे चहाच्या सुट्टीची, घंटा झाली, सगळे चहा-सँडविच घेऊन बाकांवर बसले, आणि आमची लेक डबा उचलून बाहेर कुत्र्यांपाशी. एकटी. डार्सी म्हणाला, "मालकाच्या लेकीला आमच्या घामाचा वास येतो वाटतं." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे स्मोकोला वेगळं बसणं म्हणजे लोकांच्या तोंडावर दार आपटणं.

९ जुलै

पुन्हा तेच. क्लाइव्ह म्हणतो, वय आहे, सोडून दे. माझ्या नवऱ्याचा सगळा संसार सोडून देण्यावर चाललाय.

दुपारी मीच तिला शिकवायला बसले. अवघड काय आहे त्यात? आधी पावसाचं विचारायचं, मग शनिवारच्या मॅचचं. कोणी चिडवलं की हसायचं आणि "चल, काहीतरीच" म्हणायचं. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांच्या मधे बघायचं, समोरच्याला कळत नाही. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, शाळेत असताना माझं मीच बसवलं. हिला आयतं मिळतंय.

१० जुलै

जमलं!! मेरिन बाकावर बसली. पाऊस, मॅच, "चल, काहीतरीच" — सगळं अगदी जागच्या जागी. डार्सीने बिस्किटांचा डबा आधी तिच्यापुढे केला. मी उगाच दोनदा चहा घेतला.

११ जुलै

मेरिन उठलीच नाही. ताप नाही. बोलतही नाही. रुसली असेल.

१३ जुलै, शनिवार

हे रुसणं नाही.

आज उठून स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मशिनांचं काही नाही. तो आवाज दिवसभर एकसारखा असतो. माणसं कधी काय बोलतील ते कळत नाही. मला शेडमध्ये यायचंय गं. पण परत त्यांच्यात बाकावर बसायला लागणार असेल तर नाही जमणार."

मी रडले. तिने टॉवेल आणून दिला.

शाळेतल्या नर्सने गेल्या वर्षी ऑटिझम हा शब्द काढला होता. क्लाइव्हने उडवून लावलं — मुलगी बोलते, हसते, मार्क मिळवते, कसला ऑटिझम! मलाही तेव्हा ते पटलं. आता नाही पटत. सोमवारी फोन करणार.

१५ जुलै

डब्बो शहरातल्या मानसतज्ज्ञ फाम बाईंकडे कोणीतरी आपली वेळ रद्द केली, म्हणून दहा दिवसांत वेळ मिळाली. नाहीतर वर्ष लागतं म्हणे.

मग शेडमध्ये गेले आणि डार्सीला सरळ सांगितलं: मेरिन काम करेल, पण स्मोको बाहेर घेईल. तो कातरायच्या मशिनची फणी पुसत होता. "एवढंच ना? माझा मोठा भाऊ जन्मभर गाडीत बसून जेवला. आम्ही त्याला शिष्ट म्हणायचो." मग वळून पुढची मेंढी ओढली.

मेरिन दुपारी कामावर हजर. मस्त ऊन होतं.

२५ जुलै

डब्बोला जाऊन आलो. फाम बाई शांत, हळू बोलणाऱ्या. लोकांत जाण्याआधी वाक्यं पाठ करते का? करते. घरी आल्यावर गळून पडते का? पडते. शेवटी मी वैतागून म्हटलं, अहो, हे तर सगळेच करतात! कोणाच्या लग्नाला जायचं तर मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी करते, आल्यावर पडदे ओढून पडून राहते. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं.

येताना मेरिन मागे झोपलेली. क्लाइव्ह रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "नेरिडा, सगळे नाही करत. मी नुसता आत जातो."

"काही न ठरवता?"

"काहीच न ठरवता."

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे बघितलं. नव्हता करत.

२६ जुलै

फाम बाईंचा फोन. मेरिनची पुढची तारीख दिली. आणखी काही विचारायचंय का, म्हणाल्या.

"एकोणपन्नासाव्या वर्षी तपासतात का?"

"तपासतात की. कोणाला तपासायचंय?"

"मला."