मिठाची टोपली आणि शुद्ध मराठी

६ जानेवारी १९५७, रविवार
यांचे मुंबईचे मित्र प्रोफेसर बिवलकर वीस तारखेला येणार. पनवेलकडच्या खेड्यांतली बोली उतरवून घेऊन पुस्तक करणार आहेत. मदत करणाऱ्यांची नावे छापणार! मॅट्रिकला मराठीत बहात्तर मार्क होते. त्यानंतर चौदा वर्षे माझे मराठी कोणी विचारले नाही. वाण्याची यादी सोडली तर. नाव छापून आले तर मारुतीला नारळ बोलले आहे.

७ जानेवारी
बोलीसाठी आपली मीठवाली हौसा ठरवली. पण पाहुण्यांपुढे तिचे ते 'हाय-नाय' चालायचे नाही. आजपासून शुद्ध बोलायला शिकवणार. म्हणते कशी, "वयनी, माज्या बोलन्यानं मीठ अलनी झाला काय?" दुर्लक्ष केले. माझे माहेर उरणचे. सगळे लहानपण मिठागरावरच्या मुलींत गेले, पण मला त्यांचा एक शब्द चिकटला नाही. निश्चय असावा लागतो.

१४ जानेवारी, संक्रांत
प्रगती चांगली. दहा वेळा नीट 'तिळगूळ' म्हटल्याशिवाय लाडू नाही, असे बजावले. तिने आधीच दोन तोंडात टाकले. म्हणाली, "तोंड ग्वाड झाला, आता कशाला बोलू?" यापुढे डबा फळीवर.

१९ जानेवारी
हौसाचे चार वाक्यांचे भाषण पाठ. शेवटचे वाक्य खास माझे.

२० जानेवारी, रविवार
प्रोफेसर आले. चहा घेता घेता सांगत होते, रोमच्या पंडितांची लॅटिन पोथीत राहिली. शिपाई आणि बाजारबायका जे बोलत, ज्याला लोक नाके मुरडत, त्यातूनच फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज झाल्या. म्हणजे तिथल्या गृहिणींनी भाजीवालीला वेळीच टोकले असते तर एवढा पसारा झालाच नसता. मी इथे आहे हे पनवेलचे भाग्य. (बोलून दाखवले नाही.)

हौसा नवे लुगडे नेसून बसली. "माझे नाव हौसाबाई. मी मीठ विकते. मीठ आरोग्यास हितकारक आहे. ईश्वर सर्वांचे कल्याण करो." प्रोफेसरांची पेन्सिल जागीच थांबली. भारावले असावेत.

नंतर मागीलदारी पाहते तर हिची मिठाची टोपली माझ्या सोवळ्यावर! दोन शब्द बोलले, इतकेच. प्रोफेसर दारात उभे राहून भराभर लिहीत होते. माझी शिकवण्याची पद्धत टिपत असणार.

२ मार्च, शनिवार
पत्र आले. यांनी मोठ्याने वाचले, तेही हौसा पायरीवर बसलेली असताना. हौसाबाईंचे बोलणे क्रमिक पुस्तकासारखे, उपयोगी नाही. "परंतु मागीलदारी वहिनी वीस मिनिटे जे बोलल्या, तशी अस्सल मिठागरी बोली आता खेड्यांतही ऐकू येत नाही. चार पाने भरली. त्यांच्या नावासह छापत आहे."

हौसा हात जोडून म्हणाली, "अभिनंदन, वहिनी. ईश्वर आपले कल्याण करो."

एकही चूक नाही.

नाव छापून येणार, तेव्हा नारळ देणे भाग आहे. लहानसा बघेन.