आधी म्हशीची जागा

डेल्फ्ट, हॉलंड

आप्पांना सम्मेदचा जय जिनेंद्र,

फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि फोन आईकडं देता, म्हणून पत्र लिहितोय.

मी खुशाल हाय. इथं आत्ता रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं सूर्यास्ताआधी जेवायची घाई न्हाय. तरी सातला भूक लागतेच. एकटाच जेवतो. आईचा गुडघा कसा हाय?

विद्यापीठात आमचा आपल्याच गावच्या पुराचा अभ्यास चाललाय. हवा बदललीय, पाऊस किती पडंल ते हवामानवाले सांगतात, नदी किती चढंल ते आम्ही इंजिनिअर काढतो. परवा समाजशास्त्राच्या बाईंनी विचारलं, आधी कळूनबी माणसं घर का सोडत न्हाईत? मी म्हटलं, मागच्या पुरात म्हशीला न्यायला जागा नव्हती म्हणून माझे वडील कुरुंदवाडात छातीभर पाण्यात गोठ्यात उभे होते. ते थांबले म्हणून आई थांबली.

तेवढं सांगून उठलो. बाहेर जिन्यात जाऊन बसलो. इथं कोण पाठीवर हात ठेवत न्हाय.

आता पुरात गाव हलवायच्या आमच्या आराखड्यात पहिली जागा जनावरांची धरलीय, वर माळावर. पशुवैद्य चाऱ्याचं बघतायत. ती जागा दाखवायला आमच्या अभ्यासातली माणसं घरी आली की नुसता चहा देऊन घालवू नका, जागा बघून या.

कॉम्प्युटरवरच्या पुराच्या नकाशात रोज आपली गल्ली बुडताना बघतो. आप्पा, निरोप आला की पाण्याची वाट बघू नका. दावं सोडा, म्हैस पुढं घाला आणि आईचा हात धरा. माझा हात तिथवर पोचत न्हाय.

तुमचा,
सम्मेद