हॅरिसचा फ्लास्क

५ सप्टेंबर १९५७, मुलुंड

ट्रंक बंद होईना. शेवटी दादा वर बसला! आईनं लोणच्याची बरणी लुगड्यात गुंडाळून आत कोंबली होती. रत्नप्रभाआत्या दारातून बघत होती. "जा बाई विलायतेला. पण आठ दिवसांत रडत परत आलीस तर बंदरावर न्यायला मी येणार नाही हां!"

बाबा ट्रंकेला दोरी बांधत होते. त्यांचं काल बोलून झालंय — शिकतेयस तोवर स्थळं बघणार नाही, शिकणं थांबलं की माझं ऐकायचं. कबूल! सगळं कबूल!

३० सप्टेंबर, सोमवार. इंग्लंड

प्रयोगशाळेतला पहिला दिवस.

सकाळी प्रोफेसर व्हिटेकरांनी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. "हे तुझं." एवढंच बोलून गेले. टेबलावर घाण म्हणजे किती! धूळ, चहाचे डाग आणि पाचसहा काचेचे फ्लास्क, बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी वाळलेलं. ना चिठ्ठी, ना नाव. मला आई आठवली. मुलुंडच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो तेव्हा तिनं आधी मोरी आणि भांडी घासली, मगच चहाचं आधण ठेवलं. खरकटं तसंच ठेवलं की लक्ष्मी दारातून परत जाते म्हणते.

मी पदर खोचला. आधी कोमट स्पिरिट, मग साबण, मग पाणी. इथं स्पिरिट मागाल तेवढं! अंधेरीच्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते, तिथं दारूबंदीमुळे थेंबाथेंबाला परवाना. पाठारे सर ओरडायचे, "उत्तरा, मोरीत स्पिरिट ओतलंस तर एक्साइजवाल्याला तू तोंड द्यायचंस!" गंमत वाटली आठवून. गुणगुणतसुद्धा होते मी! सगळे फ्लास्क लखलखीत करून ओळीनं उपडे घातले.

मग हॅरिस आला. शेजारच्या टेबलाचा, लाल कानांचा, उंच. उपड्या फ्लास्कांकडे बघतच राहिला. "माझा अर्क?"

कुठल्याशा झाडाच्या सालीचा अर्क. तीन वर्षांचं काम. त्यातून स्फटिक पडावेत म्हणून वाट बघत होता. हे टेबल रिकामं, म्हणून इथं ठेवलेला. चिठ्ठी कशाला, सगळ्यांना माहीत होतं!

"सिंकमध्ये गेलं?" त्यानं विचारलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर बसला.

आत्यानं निदान आठ दिवस तरी दिले होते. मी एक सकाळ टिकले.

१ ऑक्टोबर

प्रोफेसर फक्त म्हणाले, "शुक्रवारी बघू." काय बघणार? बोटीचं तिकीट?

२ ऑक्टोबर

आईचं पत्र. मालाडच्या वसुधामावशीनं चाळभर पेढे वाटले म्हणे — आमची उत्तरा विलायतेत संशोधन करते! संशोधन! भांडी घासली मी!! लोणच्याची बरणी उघडली तर वासानंच रडू फुटलं. तशीच बंद केली. जेवले नाही.

३ ऑक्टोबर

धीर करून हॅरिसकडे गेले. म्हटलं, मी पुन्हा पहिल्यापासून काढून देते, रात्रंदिवस बसते, सांगशील ते करते. तो म्हणाला, "साल उरलेली नाही." वर समजुतीनं, "तू मुद्दाम नाही केलंस." हेच सोसवेना. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर!

रात्री बाबांना लिहायला बसले. 'तीर्थरूप बाबांस' — पुढं? काय लिहू? हरले, बघा स्थळ?

मला जायचं नाहीय. मला दुसरं काही येत नाही, दुसरं काही नकोय. देवा, एवढं एकच मागते, मला इथून घालवू नकोस.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी

प्रोफेसरांनी सांगण्याआधी आपणच टेबल आवरावं. शोभेल तरी. निघते.

४ ऑक्टोबर, दुपारी

आवरता आवरता खिडकी उघडली. बाहेरच्या कट्ट्यावर, थंडीत, एक बूच लावलेली बाटली. वर माझ्याच अक्षरात, मराठीत चिठ्ठी — 'धुतलेलं स्पिरिट'. म्हणून कुणी हात लावला नाही!

सोमवारी भरली असणार, मला आठवतसुद्धा नाही. अंधेरीची सवय! भांडी धुतलेलं स्पिरिट टाकायचं नाही, बाटलीत जमवायचं, उकळून वाफ थंड करून पुन्हा वापरायचं. हॅरिसनं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त साबणाचं पाणी होतं.

बाटलीच्या तळाशी बारीक पांढऱ्या सुया. हॅरिसचा अर्क स्पिरिटात उतरला होता आणि बाहेरच्या थंडीत त्याचे स्फटिक पडले होते!

हॅरिसला हाक मारली ती किंचाळीच होती. तो धावत आला, वाकला, मग सोमवारसारखाच मटकन स्टुलावर बसला. तीन वर्षांत एकही स्फटिक पडला नव्हता त्याचा.

"उत्तरा," पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं, "आता मात्र काही धुऊ नकोस हं."