हरभऱ्यातले रानहंस

बाबा, रानहंस दिसले. खरं तर एवढंच सांगायला बसले होते. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एका ओळीत आटपलं तर बरं दिसणार नाही. हिंदमाताच्या दुकानात तुम्ही साडी दाखवायचात ती आधी काठ, मग अंग, आणि गिऱ्हाईक पुढे सरकून बसलं की मग पदर. मीही तसंच सांगते, घाई नाही.

दादरची दुकानं सोमवारी बंद, म्हणून आपलं पक्षी बघणंही सोमवारचं. माझी शाळा बुडायची आणि लालबागच्या चाळीत आई अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी बडबडायची. शिवडीच्या चिखलातले गुलाबी रोहित पक्षी आपण पायी जाऊन बघून यायचो, पण तुमचा जीव अडकला होता रानहंसांत. थंडीत हिमालय ओलांडून येणारे, रात्र धरणाच्या पाण्यावर काढून सकाळी शेतात चरायला उतरणारे. आपल्या बाजूला ते फार थोडे येतात. तुम्ही त्यांचं वर्णनही दुकानातलंच करायचात: राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे काठ. दर थंडीत एकदा परळ डेपोतून एसटीने घाटावर जायचं आणि हात हलवत परत यायचं, हे ठरलेलं. एकदा बांधावर हंस दिसले म्हणून आपण दोघं ढेकळांतून पोटावर सरपटत गेलो, कोपरं सोलून घेतली, आणि जवळ गेल्यावर बघतो तर खताच्या रिकाम्या गोण्या! तेवढ्यात वाऱ्याने त्यातली एक उचलली. तुम्ही माझा दंड धरून कुजबुजलात, "बघ गो, एक उडालो!" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. शेवटच्या दुखण्यातही तुम्ही कशाची तक्रार केली नाहीत. फक्त एकदा म्हणालात, "हंस तेवढे रवले." ते ‘राहिले’ माझ्या मनात घर करून बसलं. तुमच्या वतीने एकदा तरी बघायचे, असं मी ठरवून टाकलं होतं.

परवा लेकीने रजा टाकली आणि आम्ही अंधारातच गाडी काढली. धरणाच्या फुगवट्याला लागून हरभऱ्याचं शेत आहे, आणि त्या शेतात ते आहेत, बाबा. एवढासा थवा. मी दुर्बीण लावली. बाभळीखाली आम्ही बसलो. लेक म्हणाली, "आई, जरा पुढे जाऊया ना! फोनमध्ये नुसते ठिपके येतायत." मी तिला तुमचं ऐकवलं: गिऱ्हाईक काय नि पाखरू काय, पाठी लागाचा नाय, आपसूक येतला. "आजोबांचं सेल्स ट्रेनिंग," म्हणून तिने तोंड वाकडं केलं, पण बसली. आणि हंस खरंच शेंडे खुडत खुडत आमच्या बाजूला सरकायला लागले. काळे काठ दिसले, पिवळी चोच दिसली. एक जण मान उंच करून पहारा देत होता, बाकीचे निवांत जेवत होते.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या, एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात काठी.

"ताई, ही पाखरं तुमची हाईत व्हय?"

"नाही हो."

"मंग बरं झालं. सकाळधरनं समदा हरभरा चरत्यात."

मी हात जोडले. म्हटलं, थोडा वेळ थांबा, माझ्या वडिलांना हे बघायचे होते.

"मंग त्ये कुठं हाईत?"

"गेले."

बाईंनी डबा खाली ठेवला आणि पदर सावरून माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "बगा मंग त्यांच्या वाटचं बी." आम्ही तिघी बघत बसलो आणि तिकडे त्यांचा हरभरा कमी होत राहिला. त्या माउलीने एकदाही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "झालं का पोटभर?" मी हो म्हटलं. तर डबा माझ्याच मांडीवर ठेवला. "हाकला मंग तुमीच. माजा हात भरून आलाय."

तुमच्यासोबत असताना मला शिंकायचीही बंदी होती. पाखरू उठलं तर चूक आपली, हा तुमचा कायदा. पण हरभरा त्यांचा होता. मी उठले आणि बडवला डबा, हुर्र म्हणून ओरडले. सगळा थवा एकदम उठला आणि आमच्या डोक्यावरून ओरडत धरणाकडे गेला, इतका खालून की पंखांचा वारा ऐकू आला. लेक उड्या मारत होती, बाई हसत होत्या, आणि हंस दिसेनासे झाले तरी मी डबा बडवतच होते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. बाईंना हो म्हटलं खरं, पण तुमच्या वाटचं मी काही बघितलं नाही. ते डोक्यावरून गेले तेव्हा तुम्ही माझ्या मनातच नव्हतात. सगळे हंस मी एकटीनेच बघितले, बाबा. तुम्ही आठवलात ते परतीच्या वाटेवर, चहाला थांबलो तेव्हा. वाईट वाटेल म्हणून मी जरा वाट पाहिली. नाही वाटलं.